दहावीत दोन विषय राहिलेल्या भावासाठी कोणती सरकारी योजना?

गोवंडीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. भाऊ १९ वर्षांचा. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं, त्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच. सध्या एका गोदामात पॅकिंगला जातो, महिन्याला १२ हजार मिळतात. आई धुण्याभांड्याची कामं करते. वस्तीत नव्याने आलेलं एक प्रशिक्षण केंद्र रिटेलचा तीन महिन्यांचा मोफत कोर्स देतंय आणि शेवटी ‘१८ हजारांची नोकरी हमखास’ म्हणतंय. तो करू द्यावा, की आयटीआयला पाठवावं, की या सगळ्या सरकारी योजना नुसत्या कागदावरच्या? ताई स्वतः बी.ए. आहेत, घरी बसून आहेत; त्यांच्यासाठी काही आहे का, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो, आता पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये मुलांना मार्गदर्शन करतो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण निकाल आधी सांगून टाकतो. रिटेलचा कोर्स सध्या राहू द्या. गोदामाची नोकरी आजच सोडायला लावू नका. बोर्डाची पुढची जी परीक्षा येईल, मग ती फेब्रुवारी-मार्चची असो वा जून-जुलैची पुरवणी, तिला राहिलेल्या दोन विषयांसाठी बसवा. ते सुटले की आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप), यांतलं जे घराला झेपेल ते.

योजनांत दम आहे की नाही, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. दम आहे, पण योजना आणि मुलगा यांची गाठ पडायला जे लागतं ते योजनेत नसतं. माझ्याकडे येणारे जवळपास सगळे पालक ‘कुठला कोर्स चांगला?’ असं विचारतात. मी तो प्रश्न शेवटी घेतो. शिकण्याच्या काळात घर कशावर चालणार, कागद पुरे आहेत का, आणि शेवटी जे प्रमाणपत्र हातात येईल ते दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या शहरात कोणी विचारात घेतं का, हे आधी बघायचं. एवढं बघितलं की कोर्सचं नाव बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

दहावीपासून सुरू करू. १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगणारे तुम्हाला बरेच भेटतील. तुमच्या भावाला त्याची गरज नाही. ज्याने शाळा मध्येच सोडली आणि दहावीला कधी बसलाच नाही, त्याच्यासाठी तो खासगी विद्यार्थ्याचा फॉर्म. तुमचा भाऊ बसलेला आहे, त्यामुळे तो पुनर्परीक्षार्थी. ज्या शाळेतून बसला त्याच शाळेतून फॉर्म भरायचा आणि फक्त राहिलेले विषय द्यायचे. शाळेच्या कार्यालयात जुनी गुणपत्रिका घेऊन जा आणि फॉर्मची तारीख लिहून आणा. क्लार्क ‘नंतर या’ म्हणाला तर मुख्याध्यापकांना भेटा.

अभ्यासासाठी मुंबईत एक जुनी सोय आहे, तिचा विसर पडत चाललाय: रात्रशाळा. दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठीच त्या निघाल्या. तुमचा भाऊ रीतसर प्रवेशाच्या पलीकडे गेलाय, पण गणित-इंग्रजीचे शिक्षक तिथे संध्याकाळी असतात आणि दमून आलेल्या मुलाला कसं शिकवायचं हे त्यांना ठाऊक असतं. वर्गात बसू द्याल का, असं जाऊन विचारायला काही लागत नाही. ज्यांची शाळा फार लवकर सुटली आहे त्यांच्यासाठी राज्य मुक्त विद्यालय मंडळ आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे दोन वेगळे रस्ते आहेत, पण दोनच विषय बाकी असताना नवी सुरुवात करण्यात अर्थ नाही.

दहावीवर मी इतका का अडून बसतो? पुढची बहुतेक दारं तिथेच उघडतात किंवा बंद होतात म्हणून. दहावी अनुत्तीर्ण मुलाला आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन असे मोजकेच ट्रेड मिळतात. ते वाईट नाहीत, वेल्डर तर एका वर्षात हातात येतो आणि चांगल्या वेल्डरला काम शोधावं लागत नाही. पण इलेक्ट्रिशियन, फिटर, एसी-फ्रिज मेकॅनिक, लिफ्ट मेकॅनिक यांना दहावी लागते. रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारीला दहावीला ५० टक्के आणि वर आयटीआय लागतो. म्हणजे त्या दोन विषयांत नुसतं ३५ वर सुटण्यापेक्षा थोडे जास्त गुण पाडले, तर ते गुण पुढची काही वर्षं उपयोगी पडतील. हे त्याला आत्ताच सांगा. निकालानंतर सांगून फायदा नाही.

आता आयटीआय. मुंबईत कुर्ला, मुलुंड, दादर, बोरिवली अशा ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत, त्यातली दादरची मुलींसाठी. गोवंडीहून हार्बरने कुर्ला, आणि मुलुंडला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलून पुढे. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, दहावीच्या निकालानंतर अर्ज सुरू होतो. वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे १९ किंवा २० ही अडचण नाही. फी खासगी क्लासच्या मानाने नगण्य आहे.

इलेक्ट्रिशियनची गुणवत्ता यादी मुंबईत वर जाते आणि कमी गुणांची मुलं पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून निराश होऊन बाहेर पडतात. दरवर्षी हेच बघतो. फेऱ्या बऱ्याच असतात, शेवटी जागा राहिल्या की समुपदेशन फेरी होते, आणि त्या फेरीत चांगल्या संस्थेतल्या चांगल्या ट्रेडच्या जागाही निघतात, कारण आधी नंबर लागलेली मुलं डिप्लोमाला किंवा अकरावीला निघून गेलेली असतात. अर्ज जिवंत ठेवायचा, मेसेज बघत राहायचं, बोलावलं त्या दिवशी सगळे मूळ कागद घेऊन हजर राहायचं. विकल्प भरताना मात्र सायबर कॅफेवाल्याच्या हातात सगळं देऊ नका. तो पटापट दहा पर्याय टाकून मोकळा होतो आणि मुलाला नको असलेल्या ट्रेडला, दोन तास लांबच्या संस्थेत नंबर लागतो.

कुठला ट्रेड, तर माझं मत असं. मुंबई आता कारखान्यांचं शहर राहिलेलं नाही, इमारतींचं शहर आहे. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, पंप आहे, जनरेटर आहे, आग विझवायची यंत्रणा आहे, आणि हॉस्पिटल, मॉल, मेट्रो स्टेशन कुठेही जा, एसी आहेच. हे सगळं चालू ठेवणाऱ्या माणसांची गरज रोजची आहे. म्हणून इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक, लिफ्ट मेकॅनिक, वायरमन, प्लंबर यांना मी वरचा नंबर देतो. कॉम्प्युटर ऑपरेटरचा एक वर्षाचा ट्रेड मुलांना आवडतो कारण त्यात हात काळे होत नाहीत, पण त्या कामाला आता पदवीधरांचीच रांग आहे. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन झाल्यावर विद्युत निरीक्षक विभागाचा तारतंत्री परवाना काढता येतो. तो खिशात असलेला मुलगा ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राहत नाही.

आणि आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समज काढून टाका. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं अशीच डिप्लोमाला गेली. त्यांच्या घरी इंजिनिअरिंग हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता.

पण आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते, आणि इथे तुमच्या घराचा हिशेब येतो. प्रशिक्षणार्थींना मिळणारं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना ४० रुपये होतं. हो, चाळीस. अलीकडे पात्र मुलांसाठी ते ५०० रुपये केलंय. १२ हजार घरी आणणाऱ्या मुलाच्या आईसमोर ५०० रुपयांची गोष्ट करायची म्हणजे काय, हे मी अनेकदा अनुभवलंय. आयटीआयमधून गळणारी मुलं बहुतेक वेळा अभ्यास झेपत नाही म्हणून गळत नाहीत. पहिल्या चार-सहा महिन्यांत घरात कोणी आजारी पडतं, भाडं थकतं, आणि मुलगा ‘आठवडाभर कामाला जाऊन येतो’ म्हणून जातो. हजेरी ८० च्या खाली गेली की तो परत यायला लाजतो.

यावर माझ्याकडे जादू नाही, पण तीन गोष्टी उपयोगी पडलेल्या पाहिल्यात. पहिली, तुकड्या सकाळ-दुपार पाळीत चालतात, त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच पाळीची चौकशी करायची. सकाळची पाळी मिळाली तर दुपारनंतर चार-पाच तासांचं काम धरता येतं. दुसरी, प्रवेशाआधीच्या महिन्यांत त्याच्या पगारातली थोडी रक्कम बाजूला टाकायची, निदान रेल्वेचा पास, गणवेश आणि हत्यारांचा खर्च निघेल इतकी. पास विद्यार्थी सवलतीचा काढा. तिसरी, पहिलं वर्ष संपेपर्यंत घरातला दुसरा कोणी कमावता होणं. ते तुम्ही होऊ शकता का, ते शेवटी बघू.

घराला हा काळ झेपणारच नसेल तर मग शिकाऊ उमेदवारी. लोकांना याची माहिती सर्वांत कमी आहे, आणि माझ्या मते तुमच्या भावासारख्या मुलांना सर्वांत जवळची हीच वाट आहे. कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर जुन्या ठरावीक ट्रेडच्या बाहेरचीही कामं यात आली, आणि २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, स्वतः भरतं. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन असं ठरलं: पाचवी ते नववी शिकलेल्याला ५ हजार, दहावी उत्तीर्णाला ६ हजार, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७ हजार, पदवीधराला ९ हजार. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ. हे तेव्हा ठरलेले किमान आकडे आहेत. मुंबईतल्या बऱ्याच कंपन्या जास्त देतात, कारण इतक्यावर इथे कोणी टिकत नाही.

यात फसगत कुठे होते तेही ऐका. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो. पीएफ कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नसते. काही ठिकाणी शिकाऊ म्हणून घेतात आणि वर्षभर नुसती खोकी उचलायला लावतात. ते काम तुमचा भाऊ आत्ताही करतोच, तेही १२ हजारांवर. म्हणून सही करण्याआधी बघायचं: करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदला आहे का, त्यात ट्रेडचं नाव आणि मुदत लिहिली आहे का, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का. शंका असेल तर आयटीआयच्या आवारात बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना) केंद्र असतं, तिथे शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारे अधिकारी बसतात. त्यांना करार दाखवा. लोक तिथे जातच नाहीत, त्यामुळे गेलेल्याला वेळ मिळतो.

सार्वजनिक आस्थापनांतली उमेदवारी वेगळी. माझगाव डॉक आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तीन गटांत मुलं घेतं. आठवीच्या गटात रिगर, वेल्डर असे ट्रेड असतात, परीक्षा होते, वयाच्या अटी कडक असतात. तुमचा भाऊ त्या वयातून निसटलाय, पण वस्तीत पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतील तर त्यांच्या घरी नक्की सांगा. रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल एकच्या (जुन्या ग्रुप डीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, म्हणून तिकडे झुंबड उडते. त्याचाच फायदा घेऊन ‘रेल्वेत अप्रेंटिस लावून देतो’ म्हणत पैसे घेणारे कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत फिरत असतात. ती निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, मुलाखतसुद्धा नसते. कोणी काही लावून देऊ शकत नाही.

आता त्या रिटेलच्या केंद्राबद्दल. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली, सध्या तिचा चौथा टप्पा आहे, आणि वस्त्यांतली बरीच केंद्रं तिच्यावर किंवा राज्याच्या कौशल्य योजनांवर चालतात. अशा केंद्राचा संसार तुकडी भरण्यावर आणि मुलं परीक्षेत उत्तीर्ण होण्यावर चालतो. त्यामुळे तुकडी भरेपर्यंत फोन रोज येतो. नंतर तुम्ही फोन केला तर उचलला जाईलच असं नाही. सगळी केंद्रं अशी नसतात. एखादा तळमळीचा प्रशिक्षक असला की तीन महिन्यांत मुलाचं बोलणं-चालणं बदलतं, हेही मी पाहिलंय.

पारख कशी करायची? मागच्या तुकडीतल्या पाच मुलांचे नंबर मागा आणि त्यांना स्वतः फोन करा. ‘नोकरी लागली का’ असं विचारू नका, ‘आज कुठे आहेस’ असं विचारा. लागलेली नोकरी आणि टिकलेली नोकरी यांत मोठं अंतर असतं. १८ हजार म्हणजे हातात किती, दुकान कुठे, पाळी किती तासांची? गोवंडीच्या मुलाला वसईच्या मॉलमध्ये दहा तास उभं राहायचं असेल तर प्रवास आणि बाहेरचं खाणं वजा जाऊन त्याचे गोदामातले १२ हजार बरे ठरतील. कोर्स मोफत आहे म्हणजे नोंदणी, गणवेश, परीक्षा कशाचेच पैसे नाहीत. कोणी मागितले तर तिथूनच परत फिरा. आणि मूळ गुणपत्रिका केंद्रात ठेवून घेऊ देऊ नका. एका केंद्राने मुलांच्या मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवल्या, भाडं थकल्यावर कपाटासकट गाशा गुंडाळला, आणि त्या मुलांना दुय्यम प्रतींसाठी बोर्डाच्या चकरा माराव्या लागल्या.

छोटे कोर्स कोणाला चालतात? ज्याला नोकरी समोर दिसतेय आणि नेमकी तेवढीच अट अडतेय, त्याला. बारावी झालेल्या मुलींना रुग्णसेवेच्या कोर्सनंतर मुंबईतल्या हॉस्पिटलांत काम मिळतं, पाळ्या मात्र जड असतात. वर्षानुवर्षं काम येणाऱ्या पण कागद नसलेल्या माणसाला, उदाहरणार्थ दहा वर्षं प्लंबिंग करणाऱ्या तुमच्या एखाद्या काकांना, त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय याच कौशल्य विकास योजनेत आहे. आणि आईसाठी किंवा कमी शिकलेल्या शेजारणींसाठी जन शिक्षण संस्थान बघा. निरक्षर, नवसाक्षर, शाळा सुटलेले अशांसाठीच ते आहे, १५ ते ४५ वयापर्यंत. त्याची सुरुवात मुंबईतच, वरळीला, १९६७ मध्ये श्रमिक विद्यापीठ म्हणून झाली, गिरणी आणि कारखान्यांतल्या कामगारांच्या सोयीने शिकवण्यासाठी. शिलाई, ब्युटी पार्लर, खाद्यपदार्थ असे कोर्स असतात आणि वेळा बायकांना जमतील अशा असतात.

वस्तीत दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचं नाव सांगत कोणी आलं, तर ती ग्रामीण भागासाठी आहे, मुंबईच्या पत्त्यावर चालत नाही. स्वाधार योजनेबद्दलही विचारणा होते. मुंबईसाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात हे खरं, पण ती बाहेरगावाहून शिकायला आलेल्या आणि वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांसाठी आहे. मुंबईतच राहणाऱ्या मुलाला नाही. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २१ वर्षांनंतर.

कागदांवर थोडं जास्त लिहितो, कारण निम्मी मुलं इथे अडकतात, आणि हे काम आजपासून फुकटात करता येतं.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे का, हे आधी बघा. आधारवर ‘संतोष रामा’ आणि दाखल्यावर ‘संतोष रामचंद्र’ असलं की पोर्टल अर्ज घेत नाही. कुठलं नाव बदलायचं? शक्यतो आधार दाखल्याप्रमाणे करून घ्या. ते सोपं आहे, उलटं करायला गेलात तर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

मग बँक खातं. विद्यावेतन, शिष्यवृत्ती, सरकारचा वाटा, सगळं आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतं. मुलांची तीन-तीन खाती असतात, एखादं शाळेतलं, एखादं गोदामाच्या ठेकेदाराने काढलेलं. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलं त्यात पैसे जातात, आणि ते खातं बंद पडलेलं असलं की पैसे परत जातात. ‘सरकारने पैसे दिलेच नाहीत’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथे येऊन सुटतात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार कोणत्या खात्याला जोडलंय’ एवढंच विचारायचं.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा, आपले सरकार केंद्रातून अर्ज. अधिवासाला महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या घरात तो पुरावा म्हणजे बहुतेक वेळा मुलाच्या पहिलीपासूनच्या शाळेची नोंद. शाळेतून बोनाफाईड आणा.

जातीचा दाखला सर्वांत अवघड. तुम्ही कोणत्या प्रवर्गातल्या ते लिहिलं नाही, पण लागू असेल तर लक्षात ठेवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना तुमचं कुटुंब जिथे राहत होतं, तिथला दाखला लागतो. म्हणजे आजोबा त्या वेळी जालन्याच्या गावात असतील तर मानखुर्द-गोवंडीत जन्मलेल्या नातवाचा दाखला जालन्याहून. आजोबांच्या शाळेचा उतारा, गावचा जुना कोतवाल बुकाचा उतारा, जे मिळेल ते शोधायला लागतं, आणि ते काम दहावीच्या निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाही. दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तेव्हाच करा. पावसात झोपडीत पाणी शिरून कागद गेल्याच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून सगळ्याचे फोटो आणि डिजिलॉकरमध्ये प्रती ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच शासन निर्णयात सापडणार नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाहून आलेल्या पोराला चुलता किंवा मामा मुकादमाकडे घेऊन जायचा. तो बदली कामगार म्हणून लागायचा, आणि चुकला तर मामाचं नाव जातं म्हणून टिकायचा. त्या व्यवस्थेत वशिलेबाजी होती, जातीपातीचं राजकारण होतं, तिची आठवण काढून हळहळण्यासारखं काही नाही. पण पहिल्या वर्षी मुलाच्या मागे उभं राहणारं एक माणूस त्यात होतं. आता प्रशिक्षण सरकार देतं, पण ते माणूस देत नाही. मी पाहिलेल्या टिकलेल्या मुलांमागे बहुतेक वेळा कोणीतरी असतं: निदेशक, मोठी बहीण, मंडळातला आयटीआय झालेला दादा. मुलगा दोन दिवस गैरहजर राहिला तर तिसऱ्या दिवशी विचारणारं. एम पूर्व, म्हणजे आपला गोवंडी-मानखुर्दचा महापालिका विभाग, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सगळ्यांत तळाला होता. तिथल्या मुलाला योजनांची पत्रकं कमी पडत नाहीत, पाठपुरावा कमी पडतो. तुमच्या भावासाठी हे काम तुम्ही करू शकता, आणि शक्य असेल तर घराबाहेरचं एक माणूसही शोधा. बहिणीचं ऐकायचा एकोणीस वर्षांच्या मुलाला कंटाळा येतो.

कर्जाचंही कोणीतरी सुचवेल: महामंडळं आहेत, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, अनुदान मिळतं. आत्ता नको. हातात काम आणि ओळखीची गिऱ्हाइकं आल्यावर दोन-तीन वर्षांनी बघा.

आता तुमचं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, त्यात पदवीधराला महिना १० हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, बारावीला ६ हजार. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ११ महिने केली. सरकारी कार्यालयात, शाळेत, काही खासगी आस्थापनांत बसवतात. मुदत संपल्यावर कायम करण्याची तरतूद नाही, आणि त्यासाठी या प्रशिक्षणार्थींनी आंदोलनंही केली. त्यामुळे पुढे कायम होऊ अशा आशेने जाऊ नका. पण तुमच्या घराच्या हिशेबात ते दहा हजार नेमक्या त्या वर्षी आले, ज्या वर्षी भाऊ आयटीआयला असेल, तर त्याची हजेरी टिकेल. नोंदणी राज्याच्या कौशल्य विभागाच्या पोर्टलवर होते. जागा निघाल्यात का, हे उपनगर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा, जुन्या लोकांना ते एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून माहीत आहे. पदवीधर म्हणून शिकाऊ उमेदवारीही तुम्हाला खुली आहे. बँका, विमा कंपन्या, हॉस्पिटलांची कार्यालयं अशी मुलं घेतात, आणि दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी तुम्हाला तिकडे जायला सांगेन: वर्षाच्या शेवटी ज्या कामाचा अनुभव लिहाल त्याच कामाच्या जागा बाहेर निघत असतात.

भावाला विचारून त्याची गुणपत्रिका आणि आधार समोर ठेवा, दोन्हींवरचं नाव सारखं आहे का ते कळवा. गणितात किती मार्क होते, तेही लिहा. वीसच्या आसपास असतील तर संध्याकाळचा वर्ग पुरेल. त्याहून बरेच कमी असतील तर एक परीक्षा सोडून पुढच्या परीक्षेची तयारी करायची की नाही, ते आपण ठरवू.